भूपातला निषाद

जपानहून परत आल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात. ट्रेन खरंच सेकंदावर येते का, आणि शाकाहारी माणसाचे तिथे काय हाल होतात? पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्याचं उत्तर असं की हाल होत नाहीत, फसवणूक होते. ती पुढे येईलच. पण मी तिथे मुळात कशाला गेले होते, हे कुणी विचारत नाही. बहीण तिथे राहते म्हणजे बहिणीकडेच गेली असणार, असं सगळे धरून चालतात. मी गेले होते एका वाद्यासाठी. त्या तेरा दिवसांत त्या वाद्याबद्दल, माझ्या बहिणीबद्दल आणि माझ्या स्वतःच्या कानांबद्दल माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता खाली बसलेला नाही.

आधी वाद्य. त्याचं नाव ओंद. फ्रेंचमध्ये ओंद म्हणजे लहरी. शंभरेक वर्षांपूर्वी, विजेवर वाजणारी वाद्यं नुकती कुठे रांगायला लागली होती तेव्हा, ते फ्रान्समध्ये जन्माला आलं. आज जगात ती फार थोडी उरलीत आणि वाजवणारी माणसं त्याहून थोडी. त्यांतल्याच एक मोरिता-सान, वय वर्षं बहात्तर, टोकियोत राहतात. माझी धाकटी बहीण वैशाली बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बँकेच्या पोस्टिंगपायी तिकडे गेली, तेव्हा वॉर्डाच्या हॉलमध्ये परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवायला ज्या बाई यायच्या, त्या ह्याच. वैशाली आज जपानी कंपनीत नोकरी करते ती त्यांच्या कृपेने.

वैशालीने त्यांना कधीतरी फोनवर माझी पेटी ऐकवली. त्यांनी विचारलं, तुमची बहीण रचना करते का? वैशालीने ठोकून दिलं, करते. तसं ते खोटंही नव्हतं. एकतीस वर्षं बँकेत काढून मी आता ठाण्याला पेटी शिकवते, आणि बालनाट्यांना, नृत्याच्या क्लासेसना, सोसायटीच्या गणपतीला चाली लावून देण्यात माझी हयात गेली. चाल माझी, नाव ताईंचं, दादांचं, मंडळाचं. माझ्या नावाची अशी एकही रचना कुठे वाजलेली नव्हती. त्यामुळे "ओंदसाठी दहा मिनिटांचं काहीतरी लिहाल का" असा निरोप आला, तेव्हा मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

मी भूप घेतला. भूपात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. जपानी लोकगीतंही बरीचशी ह्याच पाच स्वरांवर चालतात, म्हणजे दोन्हीकडच्यांना पाहुण्यासारखं वाटायला नको, असा हिशेब. कागदावर सरगम लिहिली, पण कागद म्हणजे नुसता सांगाडा. खरं काय ते कानाने शिकायचं. म्हणून फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून सगळी रचना गायले, रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली. आपल्याकडे शिकवतात तसंच. हे डिसेंबरात. मार्चमध्ये आई गेली. त्यानंतर ते रेकॉर्डिंग मी एकदाही ऐकलं नाही. एरवीही मला माझा आवाज ऐकवत नाही.

कार्यक्रम नोव्हेंबरात ओसाकाला ठरला, आणि तो एकच. मोरिता-सानची बोटं आता दुखतात. कार्यक्रम झाला की वाद्य तिथल्याच एका कॉलेजच्या संग्रहात जाणार होतं. म्हणजे माझी पहिली आणि बहुधा शेवटची रचना आयुष्यात एकदाच वाजणार. काय बरोबर व्हायचं असेल ते त्या एका दुपारी.

निशी-कसाई

वैशालीच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि कानावर तेलुगू, मग हिंदी, मग "अगं, कोथिंबीर राहिली" असं स्वच्छ पुणेरी मराठी पडलं. मी ठाण्याहून दोन किलो पोहे वाहून नेले होते. वैशालीने पिशवीत एक नजर टाकली.

"ताई, हे खालच्या दुकानात मिळतं."

हिंग? खाली. कोकम? खाली. मेतकूट मात्र मिळत नव्हतं, त्यामुळे माझी थोडी अब्रू राहिली.

पहिल्या दिवशी माझी कचऱ्याची शिकवणी झाली. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या, बाटल्यांची झाकणं. मी चहाचा चोथा आणि दुधाचा खोका एकाच डब्यात टाकला, तर भाची ईशा जपानीत काहीतरी पुटपुटली. ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत देते. वैशाली म्हणाली, "काही नाही ग, म्हणते, मावशीला सवय नाही." ईशाच्या चेहऱ्यावरून ते इतकं सौम्य वाटत नव्हतं.

वैशाली मला वेगळीच वाटली. फोनवर बोलतानाही वाकते. घरात हळू बोलते आणि मलाही "ताई, हळू" म्हणते. आमची वैशाली, जी तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याशी भांडायची! आईबद्दल मात्र हळू नाही आणि मोठ्यानेही नाही. मार्चमध्ये ती दुसऱ्या दिवशी पोचली आणि सहाव्या दिवशी परतली. तेराव्याला थांबली नाही, ऑफिस होतं. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणजे बरंच काही बोलायचं साठवून ठेवलं.

चौथ्या दिवशी कळलं की हॉटेलांतून मी मिटक्या मारत जे मिसोचं सूप पीत होते, त्यात तरंगत होती नुसती भाजी, पण खालचं पाणी वाळवलेल्या माशाचं होतं. तीन वाट्या झाल्या होत्या.

"वैशे, तू समोर बसली होतीस! सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "आणि तुला आवडलं होतं."

ह्या उत्तराकडे मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं.

नाकानो

मोरिता-सानचं घर तोझाई लाइनच्या दुसऱ्या टोकाला, नाकानोला. त्यांनी दारातच कमरेत वाकून मला "सेन्सेइ" म्हटलं. सेन्सेइ म्हणजे गुरुजी. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी बाई मला गुरुजी म्हणते हे बघून मी आपली पटकन त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्या घाबरून आणखी खाली वाकल्या, आणि आमची डोकी आपटली. वैशालीने डोळे मिटून घेतले.

मी बाकरवडी नेली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळापर्यंत नेली आणि न उघडता बाजूला ठेवून दिली. मला वाटलं, गेली बाकरवडी. देणाऱ्यासमोर उघडायची पद्धत नाही म्हणे. आपल्याकडे निदान आत जाऊन एक तुकडा तोंडात टाकून येतात.

मग त्यांनी वाद्यावरचं कापड काढलं. दिसायला लांबलचक पेटीच, चार पायांवर उभी. पण पट्ट्यांच्या पुढून एक तार जाते आणि तारेत एक अंगठी अडकवलेली. ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घालायची आणि बोट तारेबरोबर सरकवायचं. सा पासून पंचमापर्यंत मध्ये कुठेही न तुटता. डावा हात एका छोट्या खणात, एका गादीसारख्या मऊ कळीवर. ती दाबली तर आवाज, जेवढी दाबली तेवढा; सोडली की सगळं गप्प. मी बघतच राहिले. डावा हात श्वास देतो आणि उजवा स्वर काढतो, म्हणजे आपली पेटीच की! फक्त आपल्या पेटीला जन्मभर मींड येत नाही म्हणून बोलणी खावी लागतात, आणि हिला मींडेशिवाय दुसरं काही सुचत नाही.

आवाज तीन स्पीकरमधून येतो. एक साधा, एकाच्या अंगावर तारा ताणलेल्या, आणि तिसऱ्यात चक्क पितळी घंटेसारखी थाळी. तो दूर कोपऱ्यात ठेवला होता.

त्यांनी माझी रचना वाजवायला सुरुवात केली. गंधारावरून पंचमावर ती पहिली मींड गेली आणि माझ्या अंगावर काटा आला. बाईचा आवाज आणि नुसता श्वास ह्यांच्या मधलं काहीतरी होतं ते. मी ओट्यापाशी उभी राहून गायलेलं सगळं तिथे होतं, माझ्या गळ्याच्या खरखरीशिवाय. डोळे भरून आले, मी लपवलंही नाही.

आणि तिसऱ्या मिनिटाला कोपऱ्यातल्या स्पीकरमधून चार स्वर आले. पंचम, धैवत, धैवत, आणि मग कोमल निषाद, तिथून घसरत पुन्हा पंचम.

भूपात निषाद! उपासाच्या ताटात कांदा निघावा तसं मला झालं.

चूक झाली असेल, म्हातारं माणूस, असं समजून मी गप्प बसले. त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा निषाद. मग मी वैशालीला म्हटलं, "त्यांना सांग, बाकी सगळं अप्रतिम आहे, पण तो निषाद माझा नाही. काढायला सांग."

वैशालीने हसतमुखाने बरंच लांबलचक काही सांगितलं. मोरिता-सान "हाइ, हाइ" म्हणाल्या आणि वहीत टिपून घेतलं. मग जेवण. गार नूडल्स, मुळ्याचं लोणचं आणि सूप, जे त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम समुद्री शेवाळाचं केलं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. निषाद होताच. उलट आता तो आणखी संथ, आणखी लाडात आला होता. मी वैशालीला पुन्हा सांगितलं, ह्या वेळी जरा ठासून. वैशाली पुन्हा बोलली, मोरिता-सान पुन्हा वाकल्या, पुन्हा टिपलं. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा तो निषाद असा काही रेंगाळला की माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी भाता बंद करून उठले असते.

मला काही कळेना. ह्या माझा अपमान करताहेत म्हणावं तर मला "सेन्सेइ" म्हणताहेत. ऐकत नाहीत म्हणावं तर टिपून घेताहेत. जपानी लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत असं ऐकलं होतं. मग हा नकार होता की होकार? त्यांना माझी रचना अपुरी वाटली आणि त्यांनी ती भरून काढली? झोप उडाली माझी. एकदाच वाजणार, माझ्या नावाने वाजणार, आणि मधोमध एक चूक ठाण मांडून बसलेली.

तिसऱ्या भेटीत वैशालीला ऑफिसचा फोन आला आणि ती बाहेर गेली. मोरिता-सान आणि मी दोघीच उरलो, भाषा कुणाकडेच नाही. मी सरळ उठून त्यांच्या स्वरलेखनाचे कागद बघायला लागले. पेन्सिलीने मुंगीच्या पायांसारखं सगळं लिहिलेलं: माझे श्वास, माझं अडखळणं, सगळं. तीन ठिकाणी लाल वर्तुळं होती. पहिली दोन काट मारलेली. तिसऱ्या वर्तुळाला मात्र पाकळ्या काढून त्याचं फूल केलेलं. असं फूल मी ईशाच्या शाळेच्या वहीत पाहिलं होतं, उत्तर उत्तम आलं की बाई काढतात ते. हे फूल बरोबर त्या निषादावर होतं.

मी त्यावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

मोरिता-साननी मान डोलावली. कपाटातून मोठे हेडफोन काढून माझ्या कानांना लावले आणि माझं रेकॉर्डिंग सुरू केलं. माझाच आवाज, नाइलाज होता. मिनिटभराने त्यांनी एक बोट वर केलं: मागे आमच्या कुकरची शिट्टी. त्यांनी दोन्ही हातांनी फुली करून दाखवली. थोड्या वेळाने दोन बोटं: आमच्या दाराची बेल. पुन्हा फुली. मग तीन बोटं वर केली आणि डोळे मिटले.

मी गंधारावर आलाप धरलाय. आणि मागून, आतल्या खोलीतून, "अगं वैशेऽऽ."

आई.

मी स्वरच ऐकत बसले होते, हाक ऐकलीच नव्हती. तीन दिवस ती माझ्यासमोर वाजत होती आणि मी तिला निषाद म्हणत होते. शेवटच्या वर्षी आईची स्मरणशक्ती विस्कटली होती. तिच्या दिवसभराच्या सगळ्या गोष्टी मी करायचे, आणि तिला नाव सुचायचं ते टोकियोतल्या मुलीचं. सुरुवातीला मी सांगायचे, आई, मी वैशाली नव्हे. मग नुसतं "ओ" द्यायला लागले. पण कधी कधी जिवावर यायचं. त्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये मी ओ दिलेली नाही. आलाप तसाच पुढे चालू आहे.

दार सरकलं. वैशाली फोन हातात घेऊन आत आली आणि माझ्या कानांवरचे हेडफोन बघून दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तोझाई लाइन

जपानात ट्रेनमध्ये कुणी बोलत नाही. नाकानो ते निशी-कसाई पाऊण तासाला थोडी कमी वाट आहे, आणि आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी बसून ती सगळी वाट तोंड मिटून आलो. ठाण्यात असतो तर पहिल्याच स्टेशनापर्यंत सगळा डबा आमच्या भांडणात सामील झाला असता. इथे माझा राग प्रत्येक स्टेशनाला एकेक डगला उतरवत होता आणि खालून भलतंच काहीतरी निघत होतं. निशी-कसाई आलं तोवर मला नक्की कशाचा राग आलाय तेच कळेनासं झालं होतं.

स्टेशनाबाहेर सायकली लावायच्या जागेपाशी मी थांबले. संध्याकाळचे सहा वाजले असतील, ऑफिसातून परतणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

"दोनदा सांगितलं काढ म्हणून. तू त्यांना काय सांगत होतीस?"

"सांगत होते," वैशाली जमिनीकडे बघत म्हणाली, "की ताईंना तो भाग आणखी हळू हवाय."

म्हणून तो निषाद दर वेळी लाडावत होता! मला रागात हसू आलं, आणि हसल्यावर आणखी राग आला.

"मेमध्ये त्यांचा मेल आला," ती म्हणाली. "म्हणाल्या, रेकॉर्डिंगमध्ये तीन जादा आवाज आहेत, वाजवायचे की नाही? लंच टाइमला इअरफोन लावून ऐकलं. कुकर नको, बेल नको, असं मनात ठरवत होते आणि तिसरा... ताई, मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसले. किती वेळ बसले मलाच माहीत नाही. मग लिहिलं, तिसरा वाजवायचा."

"माझी रचना आहे ती, वैशे. माझ्या नावाची पहिली. मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू काढ म्हणाली असतीस. राग शुद्ध पाहिजे म्हणून." तिचा आवाज चढला, बारा वर्षांत पहिल्यांदा जपानात चढला असेल. "मी आले तेव्हा काय होतं ताई? फोटो होता, हार घातलेला. तुला काय, तू रोज ऐकलीस तिची हाक."

"माझी नाही!" मीही ओरडले. "तुझी ऐकली. वर्षभर मला तुझ्या नावाने हाक मारायची. अंघोळ मी घालायची, घास मी भरवायचा आणि हाक तुला!"

वैशालीने मान वर केली. तिला हे ठाऊक नव्हतं.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस," मी म्हणाले.

एक सायकलवाली बाई "सुमिमासेन" म्हणत आमच्या मधून सायकल काढून घेऊन गेली. आम्ही दोघींनी तिला वाकून नमस्कार केला आणि मग कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घेऊन मुकाट्याने घरी गेलो.

उरायासु

पुढचा दिवस मी एकटीनेच काढला. उरायासु तिथून जवळ आहे, खाडीच्या काठी. बांधावर बसून डब्यातले पोहे खाल्ले आणि विचार केला. तो निषाद ठेवला तर माझे विद्यार्थी म्हणतील, बाई, भूपात हे कसं? आणि दर वेळी मला आठवेल की माझ्या पहिल्या रचनेत माझी आई हाक मारतेय ती माझ्या बहिणीला. काढला तर? तर रचना शुद्ध होईल, आणि आमच्या दोघींपैकी एकीकडे जे अजिबात नाही ते मी पुसून टाकलेलं असेल. खरं सांगायचं तर मला हाकेपेक्षा जास्त टोचत होती ती त्या हाकेनंतरची जागा, जिथे मी तशीच गात सुटले होते. संध्याकाळपर्यंत काहीच ठरलं नाही. उठले, चुकीच्या बसमध्ये बसले आणि दोन तास भलतीकडे फिरून आले.

शेवटच्या तालमीला जाताना मात्र वैशालीला बजावलं, "आज मी बोलेन तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

मी मोरिता-सानना ती हाक कुणाची ते सांगितलं. वैशालीने ते शब्दाला शब्द सांगितलं. मध्ये एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली. मोरिता-साननी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, त्यांना वाटलं होतं ही घरातली दुसरी, वडीलधारी गायिका असणार, कारण आवाज आतल्या खोलीतून येतो. म्हणून त्या चार स्वरांसाठी त्यांनी दूरचा, थाळीचा स्पीकर योजला होता.

"स्वर राहू देत," मी म्हणाले. "एकच दुरुस्ती. हाकेनंतर मी लगेच गात सुटले आहे ते चुकलंय. तिथे चार मात्रा रिकाम्या हव्यात."

मोरिता-साननी पेन्सिल उचलली. "त्या चार मात्रांत काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

"हाइ," त्या म्हणाल्या आणि टिपून घेतलं. ह्या वेळी मला तो होकार आहे हे नक्की कळलं.

ओसाका

टोकियोत सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहतात. ते मी मोठ्या कष्टाने शिकले होते. ओसाकाला उजवीकडे उभं राहतात, हे मागून एका आजोबांनी माझी बॅग ढकलल्यावर कळलं. बाकी ओसाका मला माहेरचं वाटलं. माणसं मोठ्याने बोलतात. रताळी विकणाऱ्या एका बाईंनी माझी साडी चिमटीत धरून तिची किंमतही विचारली असावी, कारण वैशालीने भाषांतर करायला नकार दिला.

हॉल छोटा, साठेक खुर्च्यांचा. कार्यक्रमपत्रिकेवर माझं नाव जपानी अक्षरांत छापलेलं होतं. वैशालीने बोट ठेवून दाखवलं, एरवी मला सापडलं नसतं. दोन पत्रिका मी पर्समध्ये टाकल्या, मग आणखी तीन. मंचावर पाहिलं तर वाद्याशेजारी दोनच स्पीकर होते. तिसरा कुठे म्हणून मान वळवली, तर तो आमच्या सगळ्यांच्या मागे, प्रवेशद्वाराच्या बाहेरच्या अंगाला, पॅसेजमध्ये ठेवलेला.

मोरिता-साननी अंगठी बोटात घातली. तिथली शांतता आपल्याला सोसत नाही. खोकला नाही, वाहवा नाही, खुर्चीची करकर नाही. मी तोंडावर हात धरून बसले, चुकून दाद जाईल ह्या भीतीने. भूप उलगडत गेला. माझी चाल, माझ्या नावाची, मंचावर एका अनोळखी विजेच्या गळ्यातून येत होती आणि चांगली होती. हे मी स्वतःबद्दल पहिल्यांदाच म्हणते आहे.

तिसरं मिनिट आलं. गंधार लांबला. आणि पाठीमागून, दाराबाहेरून, पंचम, धैवत, धैवत, निषाद आणि घसरत पंचम.

काही जणांनी मागे वळून पाहिलं, जपानी असूनही. मोरिता-साननी डावा हात कळीवरून उचलला. सगळं गप्प. एक. दोन. मी मनातल्या मनात ओ द्यायचं ठरवून आले होते. तेवढ्यासाठीच ती जागा ठेवली होती.

तिसऱ्या मात्रेला माझ्या शेजारी बसलेल्या, मला तेरा दिवस "ताई, हळू" म्हणणाऱ्या माझ्या बहिणीने त्या साठ माणसांत स्वच्छ, मोठ्याने "ओ" दिली.

मोरिता-साननी पुढचा स्वर उचलला. मी वैशालीचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

तीन आठवड्यांनी ठाण्याला एक जाडजूड पाकीट आलं. वाद्य कॉलेजला गेलं होतं, आणि मोरिता-साननी रचनेची स्वच्छ हस्तलिखित प्रत मला पाठवली होती, सेन्सेइंना म्हणून. मी आधी ती हाकेची जागा काढली. माझ्या चार रिकाम्या मात्रा आता रिकाम्या नव्हत्या. तिसरीवर त्यांनी एक स्वर लिहिला होता, लाल पेन्सिलीने, आणि भोवती पाकळ्या. खाली जपानीत एक ओळ. मी फोटो काढून वैशालीला पाठवला आणि म्हटलं, आहे तसं सांग.

तिचा लगेच फोन आला. "लिहिलंय, दुसरी मुलगी, श्रोत्यांमधून."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि पेटी उघडून तो स्वर लावून पाहिला. षड्ज होता. भूपात चालतो.